बेरिल बर्टन : सायकल शर्यतीतील पाव शतक आणि ऑलिंपिकचे बंद दार

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्री आणि पुरुष खेळाडूंसाठी समान जागा ठेवण्यात आल्या. ऑलिंपिकच्या इतिहासात असे प्रथमच घडले. क्रीडा आणि लिंगभाव समानता या विषयावर अभ्यास करणारे विद्यार्थी ही नोंद आवर्जून करून ठेवतात; परंतु ही समानता किती उशिरा आली आणि त्या विलंबाची किंमत कोणी मोजली, याकडे सहसा लक्ष जात नाही. १८९६ साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक सुरू झाले, तेव्हापासून पुरुषांच्या सायकल शर्यती त्यात आहेत. स्त्रियांची पहिली ऑलिंपिक सायकल शर्यत मात्र १९८४ साली लॉस एंजेलिस येथे झाली. मधल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या काळात एका इंग्रज स्त्रीची संपूर्ण स्पर्धात्मक कारकीर्द सुरू झाली, बहरली आणि उतरणीलाही लागली. सात वेळा जागतिक विजेत्या ठरलेल्या या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये उतरण्याची संधी एकदाही मिळाली नाही. बेरिल बर्टन हे त्यांचे नाव.

भारतीय वाचकांना हे नाव फारसे परिचित नाही. ट्रॅक आणि रस्ता या दोन्ही प्रकारांत त्यांनी जे साध्य केले, ते कोणत्याही शासकीय योजनेविना, शिष्यवृत्तीविना आणि वेतनाविना केले. म्हणूनच क्रीडाधोरणाच्या अभ्यासकाने त्यांच्या कारकिर्दीचा तपशील नीट पाहणे उपयुक्त ठरते.

परीक्षेतील अपयश आणि दीर्घ आजार

बेरिल यांचा जन्म १२ मे १९३७ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील लीड्स या औद्योगिक शहरात झाला. त्या काळी ब्रिटनमध्ये अकराव्या वर्षाच्या सुमारास मुलांची एक परीक्षा घेतली जाई. ‘इलेव्हन प्लस’ या नावाने ती ओळखली जात असे. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर रूढ झालेल्या या पद्धतीत उत्तीर्ण होणाऱ्या मुलांना ‘ग्रामर स्कूल’मध्ये प्रवेश मिळे व पुढे विद्यापीठाचा मार्ग खुला होई, उरलेल्यांच्या वाट्याला बहुधा कारखान्यातील वा कार्यालयातील साधी नोकरी येई. बेरिल या परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्या. एका परीक्षेवर बालकाचे पुढील आयुष्य ठरवण्याच्या या पद्धतीवर ब्रिटनमध्ये पुढे बरीच टीका झाली आणि बहुतेक भागांतून ती मागे पडली. परंतु १९४८ मधील एका श्रमिक कुटुंबातील मुलीला त्या टीकेचा काही उपयोग नव्हता.

त्याच सुमारास त्यांना संधिवाताचा ज्वर जडला. या विकारात हृदयावर परिणाम होण्याची भीती असते. त्याच्या जोडीला हातापायांच्या हालचालींवरील ताबा सुटणारा मज्जाविकारही उद्भवला. नऊ महिने रुग्णालयात आणि त्यानंतर सुमारे सव्वा वर्ष विश्रामगृहात त्यांना काढावे लागले. कष्टाची कामे टाळावीत, असा वैद्यकीय सल्ला त्यांना मिळाला. हा सल्ला मिळालेली व्यक्ती पुढे बारा तास अखंड सायकल चालवण्याचा विक्रम करील, असे त्या वेळी कोणाच्याही मनात आले नसेल.

शाळा सुटल्यावर त्यांनी कपड्यांच्या व्यवसायात नोकरी धरली. लीड्स हे तयार कपड्यांचे मोठे केंद्र होते. तेथेच त्यांची ओळख चार्ली बर्टन यांच्याशी झाली. चार्ली हे सायकलचे शौकीन होते. १९५५ मध्ये दोघांचा विवाह झाला, १९५६ मध्ये कन्या डेनिसचा जन्म झाला आणि १९५७ मध्ये, म्हणजे मूल अवघे एक वर्षाचे असताना, बेरिल यांनी राष्ट्रीय १०० मैल शर्यतीत रौप्यपदक मिळवले. पुढील काळात चार्ली यांनी स्वतःची स्पर्धा बाजूला ठेवली. सायकलची देखभाल, शर्यतीच्या ठिकाणी नेणे-आणणे आणि मुलीचा सांभाळ ही कामे त्यांनी अंगावर घेतली. पन्नाशीच्या दशकातील इंग्लंडमध्येही ही गोष्ट सर्वसामान्य नव्हती. खेळाडू स्त्रीच्या घरातील कामाची वाटणी हा विषय आपल्याकडील क्रीडा-अहवालांतही क्वचितच दिसतो.

शर्यतींचे प्रकार

पुढील विवेचन समजण्यासाठी दोन शर्यतींची माहिती असणे आवश्यक आहे. ट्रॅकवरील ‘वैयक्तिक पर्स्यूट’ म्हणजे पाठलागाची शर्यत. दोन स्पर्धक व्हेलोड्रोमच्या समोरासमोरील बाजूंवरून एकाच वेळी निघतात. जो दुसऱ्याला गाठतो किंवा ठरलेले अंतर कमी वेळात पूर्ण करतो, तो विजयी होतो. बेरिल यांच्या काळात स्त्रियांसाठी हे अंतर ३,००० मीटर होते. सुमारे चार मिनिटांच्या या शर्यतीत वेग आणि दम या दोहोंची कसोटी लागते.

दुसरा प्रकार ‘टाइम ट्रायल’चा. यात स्पर्धक ठराविक अंतराने एकेक करून सोडले जातात, कोणी कोणाच्या आडोशाने चालवायची नसते आणि लढत केवळ घड्याळाशी असते. ब्रिटनमध्ये हा प्रकार रुजण्यामागे एक कायद्याचे भय होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यावर झुंडीने होणाऱ्या शर्यतींमुळे पोलीस आणि घोडागाड्यांचे मालक यांचा रोष ओढवला. सायकलवरच बंदी येईल, या धास्तीने तेथील सायकल संघटनेने सामूहिक शर्यती स्वतःहूनच थांबवल्या. त्यावर उपाय म्हणून भल्या पहाटे, आडबाजूच्या रस्त्यांवर, काळे कपडे घालून एकेकट्याने धावण्याची प्रथा पडली. मार्गांची नावेही सांकेतिक अक्षरे व आकड्यांनी दिली जात. युरोप खंडात टूर द फ्रान्ससारख्या जंगी शर्यती भरत असताना ब्रिटिश सायकलपटू पहाटेच्या धुक्यात एकटे घड्याळाशी झुंजत होते, ते या इतिहासामुळे.

२५, ५० आणि १०० मैलांच्या (अनुक्रमे सुमारे ४०, ८० व १६१ कि.मी.) टाइम ट्रायलमधील वेगांची सरासरी काढून ‘बेस्ट ब्रिटिश ऑलराउंडर’ हा स्त्रियांचा वार्षिक किताब दिला जाई. १९५९ मध्ये बेरिल बर्टन यांनी तो प्रथम पटकावला आणि १९८३ पर्यंत सलग पंचवीस वर्षे तो दुसऱ्या कोणाच्याही हाती जाऊ दिला नाही. स्त्रियांची ऑलिंपिक सायकल शर्यत सुरू होण्याच्या बरोबर आदल्या वर्षी ही मालिका संपली.

रूबार्बची शेती आणि जागतिक पदके

जागतिक सायकल स्पर्धेत स्त्रियांना १९५८ साली प्रवेश मिळाला. दुसऱ्याच वर्षी बेल्जियममधील लिएज येथे बेरिल यांनी पर्स्यूटचे सुवर्णपदक जिंकले. १९६० मध्ये पूर्व जर्मनीत झालेल्या स्पर्धेत त्या ट्रॅकवरील पर्स्यूट आणि रस्ता शर्यत अशा दोन्ही प्रकारांत जगज्जेत्या ठरल्या. त्यानंतर १९६२, १९६३ आणि १९६६ मध्ये पर्स्यूट व १९६७ मध्ये पुन्हा रस्ता शर्यत. एकूण सात सुवर्णपदके. पर्स्यूटमध्ये याखेरीज तीन रौप्य व चार कांस्यपदके त्यांच्या नावावर आहेत. शेवटचे कांस्य १९७३ मधील, म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या वर्षीचे. देशांतर्गत राष्ट्रीय विजेतेपदांची संख्या ९० हून अधिक भरते.

त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांमध्ये सोव्हिएत संघाच्या सायकलपटू प्रमुख होत्या. सहा वेळा पर्स्यूटच्या जगज्जेत्या ठरलेल्या तमारा गार्कुशिना यांचे नाव यात अग्रभागी येते. समाजवादी देशांत खेळाडूंचे प्रशिक्षण, आहार, वैद्यकीय देखरेख आणि उपजीविका यांची व्यवस्था शासन पाहत असे. खेळाडू नावाला हौशी, परंतु प्रत्यक्षात पूर्णवेळ खेळात. बेरिल यांची स्थिती याच्या उलट होती. त्या मॉर्ली या गावी एका शेतावर मजुरी करीत. शेताचे मालक निम कारलाइन हे स्वतः २४ तासांच्या शर्यतीतील नामांकित सायकलपटू होते. लीड्स, ब्रॅडफर्ड व वेकफील्ड यांच्या परिसरातील हा भाग रूबार्ब या पिकासाठी प्रसिद्ध आहे. रूबार्बचे आंबट, लालसर देठ गोडाधोडात वापरतात. त्याचे गड्डे जमिनीतून खणून काळोख्या छपराखाली हलवावे लागतात, आणि हे काम ऐन थंडीत करावे लागते. मातीने जड झालेले गड्डे उचलणे हाच त्यांचा हिवाळ्यातील व्यायाम होता. दिवसभर शेतात राबायचे, संध्याकाळी सायकलचा सराव करायचा आणि शनिवार-रविवारी शर्यत गाठायची, असा त्यांचा क्रम होता. व्यावसायिक होण्याचा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला होता. तो त्यांनी नाकारला आणि अखेरपर्यंत त्या हौशी खेळाडूच राहिल्या.

या हौशीपणाचा गौरव करण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखकाला तो पूर्णपणे मान्य नाही. कष्टातून बळ मिळाले हे खरे; परंतु परदेशी स्पर्धांना जाण्यासाठी मजुरी बुडवावी लागणे आणि खर्चासाठी स्वतःच्या खिशात हात घालावा लागणे ही काही प्रशिक्षणाची पद्धत नव्हे. बेरिल यांच्यासारखी एखादी व्यक्ती या व्यवस्थेतून वर आली. किती जणी वर येऊ शकल्या नाहीत, याची मोजदाद कोणत्याही विक्रमपुस्तकात नाही.

सप्टेंबर १९६७

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत विलक्षण पर्व १९६७ च्या सप्टेंबर महिन्यातील आहे. महिन्याच्या प्रारंभी नेदरलँड्समधील हेर्लेन येथे त्यांनी जागतिक रस्ता शर्यत जिंकली. बाकीच्या स्पर्धकांना मागे टाकून त्या एकट्याच पुढे निघून गेल्या आणि दुसऱ्या क्रमांकावरील सोव्हिएत स्पर्धकाहून पावणेदोन मिनिटांच्या आघाडीने त्यांनी अंतिम रेषा ओलांडली. रस्ता शर्यतीत एवढे अंतर फार मोठे मानले जाते.

त्यानंतर अवघ्या पंधरवड्यात, १७ सप्टेंबर रोजी, त्या यॉर्कशायरमधील ओटली सायकल क्लबच्या बारा तासांच्या शर्यतीत उतरल्या. बारा तासांत जो सर्वाधिक अंतर कापील तो विजयी, असा नियम. पुरुष आधी सोडले गेले, स्त्रिया त्यांच्यामागून. पुरुषांमध्ये माइक मॅकनमारा हे त्या दिवशी आघाडीवर होते आणि पुरुषांच्या राष्ट्रीय विक्रमाच्या दिशेने त्यांची वाटचाल सुरू होती. बेरिल एकेका पुरुष स्पर्धकाला मागे टाकत गेल्या आणि २३० हून अधिक मैल झाल्यावर त्यांनी मॅकनमारा यांनाही गाठले. पुढे निघून जाताना काहीतरी बोलावे म्हणून त्यांनी खिशातील ज्येष्ठमधाची एक गोळी त्यांच्यापुढे केली. मॅकनमारा यांनी ती घेतली, आभार मानले आणि बेरिल पुढे गेल्या. सायकलविश्वात हा प्रसंग आजही आवडीने सांगितला जातो.

दिवसअखेर मॅकनमारा यांनी २७६.५२ मैल अंतर कापून पुरुषांचा नवा विक्रम नोंदवला. बेरिल बर्टन यांचे अंतर २७७.२५ मैल होते, म्हणजे सुमारे ४४६ कि.मी.; ताशी सरासरी वेग ३७ कि.मी.हून अधिक. एकाच रस्त्यावर, एकाच हवामानात, एकाच दिवशी एका स्त्रीने पुरुषांच्या विक्रमाहून जवळजवळ सव्वा किलोमीटर अधिक अंतर कापले. पुरुषांना हा आकडा मागे टाकण्यासाठी १९६९ साल उजाडावे लागले. स्त्रियांमध्ये तो २०१७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, अबाधित राहिला. हे पन्नास वर्षांचे अंतर वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या काळात सायकलची घडण, वाऱ्याचा विरोध कमी करणारे हँडल, कपडे व शिरस्त्राण, तसेच आहारशास्त्र यांत आमूलाग्र बदल झाला. १९६७ ची सायकल पोलादी नळ्यांची होती. दोन काळांतील विक्रमांची तुलना करताना नुसते आकडे पुरेसे नसतात, हे सांख्यिकीच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको.

त्याच वर्षी बीबीसीच्या सर्वोत्कृष्ट क्रीडापटूच्या निवडीत मुष्टियोद्धा हेन्री कूपर यांच्यापाठोपाठ बेरिल यांना दुसरा क्रमांक मिळाला. १९६४ मध्ये ‘एमबीई’ आणि १९६८ मध्ये ‘ओबीई’ हे शाही सन्मान त्यांना देण्यात आले. सन्मानपत्रांची वाण नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे.

१९६८ मध्ये फ्रान्समधील ‘ग्रां प्री द नास्यों’ या व्यावसायिक पुरुषांच्या प्रतिष्ठित टाइम ट्रायलमध्ये अनधिकृत स्पर्धक म्हणून सायकल चालवण्याची परवानगी त्यांना मिळाली. त्यांची सरासरी ताशी ४१.८५३ कि.मी. भरली, विजेते फेलिचे जिमोंदी यांची ४७.५१८. येथे त्या पुरुषांच्या बरोबरीच्या नव्हत्या, आणि तसे भासवण्याचे कारणही नाही. दम जितका अधिक लागे तितकी त्यांची शक्ती उठून दिसे, एवढे या दोन शर्यतींच्या तुलनेतून स्पष्ट होते. १०० मैलांचे अंतर त्यांनी त्याच वर्षी ३ तास ५५ मिनिटे ५ सेकंदांत पूर्ण केले.

आई आणि मुलगी

डेनिस मोठी झाली ती सायकलवरच. १९७२ च्या जागतिक स्पर्धेसाठी मायलेकींची निवड एकाच ब्रिटिश संघात झाली आणि १९७५ मध्ये डेनिस यांनी पर्स्यूटमध्ये जागतिक कांस्यपदक मिळवले. १९७६ च्या राष्ट्रीय रस्ता शर्यतीत अखेरच्या झेपेत मुलीने आईला मागे टाकले. विजयमंचावर बेरिल यांनी मुलीशी हस्तांदोलन करण्यास नकार दिला. शर्यतीत आघाडी टिकवण्याचे कष्ट आपण केले आणि डेनिसने त्यात आपला वाटा उचलला नाही, अशी त्यांची तक्रार होती. पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी हे वागणे खिलाडूवृत्तीला धरून नव्हते असे मान्य केले. चरित्रलेखनात असे प्रसंग वगळण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु एकोणचाळीस वर्षांच्या आईला विशीतल्या मुलीकडूनही पराभव सोसवत नव्हता, ही वस्तुस्थिती त्या पंचवीस वर्षांच्या सातत्याचा उलगडा अधिक प्रामाणिकपणे करते. पुढे दोघींनी जोडसायकलवर दहा मैलांचा राष्ट्रीय विक्रमही केला.

५ मे १९९६ रोजी, एकोणसाठाव्या वाढदिवसाला आठवडा उरलेला असताना, बेरिल बर्टन सायकलवरून निमंत्रणपत्रे वाटण्यासाठी निघाल्या असता हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. मॉर्ली येथे त्यांच्या नावाची बाग आहे.

धोरणाची बाजू

त्याच उन्हाळ्यात झालेल्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला केवळ एक सुवर्णपदक मिळाले आणि पदकतालिकेत तो देश ३६ व्या स्थानी राहिला. या नामुष्कीनंतर १९९४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातील वाटा खेळाडूंना थेट निर्वाहवेतन व प्रशिक्षण देण्यासाठी वळवण्यात आला आणि १९९७ मध्ये ‘यूके स्पोर्ट’ ही यंत्रणा उभी राहिली. मँचेस्टरचे बंदिस्त व्हेलोड्रोम १९९४ मध्येच तयार झाले होते. निधी, पायाभूत सुविधा आणि व्यवस्थापन या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा सायकल हा ब्रिटनचा सर्वाधिक पदके देणारा खेळ ठरला. स्त्रियांच्या पर्स्यूटचा ऑलिंपिक प्रवेश १९९२ चा. याच प्रकारात २००० साली सिडनी येथे यॉर्कशायरच्याच इव्हॉन मॅकग्रेगर यांनी कांस्यपदक मिळवले. २००८ मध्ये बीजिंग येथे रेबेका रोमेरो यांनी सुवर्णपदक जिंकले. मात्र त्यानंतर वैयक्तिक पर्स्यूट हा प्रकारच ऑलिंपिकमधून वगळण्यात आला. राष्ट्रकुल स्पर्धेतही स्त्रियांच्या सायकल शर्यतींना १९९० च्या ऑकलंड स्पर्धेपूर्वी स्थान नव्हते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवर स्त्री-पुरुषांच्या प्रकारांची संख्या प्रथमच समान झाली. त्या स्पर्धेत रस्ता शर्यतीत रौप्यपदक मिळवणाऱ्या लिझी आर्मिटस्टेड या ओटली गावच्याच.

भारताच्या संदर्भात हा विषय अभ्यासताना एका बाबीची नोंद घ्यावी. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार क्रीडा हा विषय राज्यसूचीत ३३ व्या नोंदीत येतो. तथापि उच्च पातळीवरील प्रशिक्षणाचा भार केंद्रावर आहे. २०१४ मधील ‘टार्गेट ऑलिंपिक पोडियम’ आणि त्यानंतरची ‘खेलो इंडिया’ या योजनांत खेळाडूच्या हाती थेट साहाय्य देण्याचे तत्त्व आहे. रेल्वे, सेनादले व सार्वजनिक उपक्रमांतील नोकऱ्यांनी तत्पूर्वी हेच काम अंशतः केले. शेतमजुरी करणाऱ्या बेरिल बर्टन यांना यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते.

आपल्याकडे स्त्री आणि सायकल यांचा संबंध मात्र शर्यतीपूर्वी शाळेशी आणि साक्षरतेशी जुळला. नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभी तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता चळवळीच्या जोडीने हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी अर्थसाहाय्य देण्यात येऊ लागले. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या योजनेमुळे माध्यमिक शाळेतील मुलींच्या वयानुरूप पटनोंदणीत ३२ टक्क्यांची वाढ झाली. शर्यतीच्या क्षेत्रात अंदमान-निकोबार बेटांचे नाव घ्यावे लागते. २००४ च्या त्सुनामीतून झाडाच्या आधाराने बचावलेल्या देबोरा हेरॉल्ड यांनी पुढे ५०० मीटर टाइम ट्रायलच्या जागतिक क्रमवारीत चौथे स्थान गाठले, आणि याच बेटांवरील एसो अल्बेन यांनी २०१८ मध्ये जागतिक कनिष्ठ गटाच्या केरिन शर्यतीत रौप्यपदक पटकावले. दोघांनाही उच्च प्रशिक्षणासाठी बेटे सोडून दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलातील व्हेलोड्रोमवर यावे लागले.